नक्षीला भुलू नका, पात्याची जाडी बघा

प्रश्न: मी नाशिकची, बँकेतून निवृत्त झाले आहे. गुडघ्यांमुळे विळी सुटली. आता ओट्याशी उभी राहून चाकूने चिरते, पण हाताला ती गती येत नाही. मुलगी ओसाकाला नोकरी करते, दिवाळीला यायची आहे. म्हणते, “आई, या वेळी तुला खरा जपानी चाकू आणते.” तिने फोटोही पाठवला: पात्यावर लाटांसारखी नक्षी, “दमास्कस, 67 थर”, किंमत 38,000 येन. हे विचारतात, बावीस हजारांच्या चाकूने भाजी काय वेगळी लागणार? सासूबाईंचं म्हणणं, धारेची वस्तू भेट घेऊ नये. मला मात्र मनापासून हवा आहे. खरंच फरक पडतो का? कोणता घ्यावा? गंजेल का? धार कोण लावून देणार? आमच्याकडे पालेभाज्या रोज, रविवारी मासे, शिवाय नारळ आणि लाल भोपळा. हे सगळं त्याने चिरता येईल का? आणि भांड्यांच्या मावशींच्या हाती पडला तर?
– एक वाचक, नाशिक

ताई,

यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. फरक पडतो, आणि तो पहिल्याच कांद्याला कळतो. मात्र तो फोटोतल्या लाटांमुळे पडत नाही. म्हणून मुलीला आजच कळवा: 38,000 येनांचा नक्षीदार चाकू नको. 12,000 ते 18,000 येनांच्या घरातला, साध्या पात्याचा, न गंजणाऱ्या पोलादाचा सान्तोकु (घरच्या सगळ्या चिरण्याला चालणारा जपानी चाकू) आण. पातं 165 ते 180 मिलिमीटर लांब असू दे. उरलेल्या पैशांतून 1000 नंबरचा धारेचा दगड घे (नंबर जितका मोठा, दगड तितका बारीक); तीन ते पाच हजार येनांत चांगला मिळतो. दगड आणणं होणार नसेल तर चाकूही आणू नकोस, हे तिला बजावून सांगा. दोन्ही मिळून खर्च रुपयांत दहा-बारा हजारांच्या आसपास बसेल, आणि 38,000 वाल्या चाकूपेक्षा तुमचं चिरणं जास्त सुधारेल.

आता कारणं सांगते, म्हणजे मुलीशी बोलताना तुम्हाला ठाम राहता येईल.

चाकू चांगला चिरतो तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे धार किती बारीक आहे, आणि दुसरी, त्या धारेच्या मागचं पातं किती पातळ आहे. धारेबद्दल सगळे बोलतात, जाडीकडे फारसं कुणी बघत नाही. घरातल्या जाड चाकूला धार लावून आणा आणि गाजर चिरून बघा. अर्ध्यावर गेल्यावर ‘कट्’ असा आवाज येतो आणि तुकडा उडून ओट्यावर जातो. धार शिरलेली असते, पण मागून येणारं जाड पातं पाचरीसारखं घुसून गाजर फोडतं. पातळ पात्याखाली तेच गाजर शेवटच्या धाग्यापर्यंत चिरलं जातं, आवाज येत नाही, आणि कापाची बाजू गुळगुळीत, ओलसर दिसते.

कोथिंबिरीचं तर फारच स्पष्ट कळतं. चिरून झाली की पाटाकडे बघा. पाटावर हिरवा डाग पसरला असेल तर कोथिंबीर चिरली गेली नाही, चेंगरली गेली. जो रस आणि वास कोशिंबिरीत जायला हवा होता तो लाकडात मुरला. चांगल्या पात्याखाली पाट जवळजवळ कोरडा राहतो आणि चिरलेली कोथिंबीर तासाभरानेही काळी पडलेली नसते. कांद्याचंही तेच आहे. बोथट पातं कांद्याच्या पेशी फोडत जातं आणि त्यातून डोळे झोंबवणारा वायू जास्त सुटतो. धारदार पात्याने डोळ्यांतलं पाणी अगदी थांबतं असं नाही, पण खूप कमी होतं. भाजी वेगळी लागते का, याचं उत्तर म्हणून यजमानांना कच्च्या कांद्याची कोशिंबीर खायला घाला.

इतकी पातळ पाती जपानी कारागिरांना करता येतात ती पोलादाच्या कडकपणामुळे. हा कडकपणा रॉकवेल या मापात सांगतात. नावाजलेले जर्मन चाकू साधारण 56 ते 58 भरतात, जपानी चाकू बहुधा 60 ते 63. आकड्यांत फरक थोडा दिसतो, हातात तो मोठा असतो. नरम पोलाद फार पातळ केलं तर धार मुडपते, कडक पोलाद पातळ असूनही ताठ राहतं. म्हणून जपानी चाकूला दोन्ही बाजूंनी साधारण 15 अंशांच्या कोनात धार लावता येते. जर्मन चाकूंना परंपरेने 20 अंशांच्या आसपास ठेवत आले आहेत.

पण जे वाकत नाही ते तुटतं. तुमच्या यादीतलं सगळं या चाकूने होणार नाही, हे आधीच मनाशी धरा. नारळाला तो लावायचाच नाही. खोबऱ्याचा काप करायला हरकत नाही, पण करवंटीला पातं टेकता कामा नये. लाल भोपळ्यात पातळ पातं रुतून बसतं, आपण ते सोडवायला मनगट फिरवतो, आणि त्या पिळ्याने धारेचा टवका उडतो. भोपळा जुन्या जाड चाकूने किंवा कोयत्याने फोडा, साल काढा, मग फोडी करायला नवा चाकू घ्या. सुरण आधी धुऊन, मातीसकट साल जुन्या चाकूने काढून मग. फ्रीजरमधून काढलेलं काहीही नाही. लोणच्याची कैरी बाठीसकट फोडायची असेल तर आपला अडकित्ता आहेच. माशांचं म्हणाल तर बोंबील, मांदेली, पापलेटला चिरे पाडणं, कोळंबी, हे सगळं मजेत होईल. सुरमईच्या तुकड्या मात्र बाजारातूनच करून आणा. कोळणीचा कोयता मणका तोडण्यासाठीच घडवलेला असतो, तो मार या पात्याने सोसायचा नाही. थोडक्यात, जुना चाकू टाकू नका. त्याचं काम संपलेलं नाही.

आता त्या लाटांबद्दल. आजच्या बहुतेक जपानी चाकूंचं पातं तीन पदरी असतं: मधे कडक पोलादाचा गाभा आणि दोन्ही अंगांना नरम पोलादाचं वेष्टण. चिरण्याचं काम गाभाच करतो, कारण धार त्याचीच असते. वेष्टण त्याला आधार देतं आणि झटक्याने तुटण्यापासून जपतं. 67 थर म्हणजे गाभ्याच्या दोन्ही बाजूंना 33-33 थरांचं वेष्टण. थर वेगवेगळ्या मिश्रणांचे असतात, म्हणून पातं आम्लात बुडवलं की ती नक्षी उठून दिसते. सुंदर असते, यात शंका नाही. पण धारेपाशी ती संपलेली असते. आतला गाभा बहुतेक वेळा व्हीजी-10 असतो. हे फुकुई प्रांतातल्या ताकेफु स्पेशल स्टील या कंपनीचं पोलाद. त्यात साधारण 1 टक्का कार्बन आणि 15 टक्के क्रोमियम असतं, जोडीला मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम आणि कोबाल्ट. हाच गाभा नक्षी नसलेल्या चाकूत कितीतरी कमी किमतीत मिळतो. निगाता प्रांतातल्या त्सुबामे इथल्या तोजिरो कंपनीचे साधे चाकू याच जातीचे आहेत आणि पहिला चाकू म्हणून मी ते निःशंकपणे सुचवते.

साध्या पात्यातही बघण्यासारखं बरंच असतं. चाकू आला की खिडकीशी जाऊन पातं उजेडात जरा तिरपं धरा. धारेपासून काही मिलिमीटर वर एक बारीक, किंचित वळणावळणाची रेघ दिसेल. तिच्या वरचा भाग मंद, धुरकट, आणि खालचा उजळ. नरम पोलाद जिथे थांबतं आणि गाभा जिथे उघडा पडतो ती ही जागा. मला कुठल्याही छापील नक्षीपेक्षा ही रेघ जास्त आवडते, कारण पातं कसं बनलं ते तिथे दिसतं. आपल्याकडे ऑनलाइन दीड-दोन हजारांत ‘जपानी दमास्कस’ म्हणून जे चाकू मिळतात त्यांच्यावर अनेकदा नक्षी लेझरने उठवलेली असते आणि आत साधं नरम पोलाद असतं. त्या वाटेला जाऊच नका.

‘सामुराई तलवारीचं पोलाद’ ही जाहिरातही अशीच सोडून द्या. तलवारीचं पोलाद, तामाहागाने, शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे पारंपरिक भट्टीत तयार होतं आणि ते तलवारी घडवणाऱ्या कारागिरांसाठी राखलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या चाकूंचं पोलाद आधुनिक कारखान्यांतून येतं, आणि या कामाला तेच योग्य आहे. नातं आहे ते कसबाचं. 1876 साली मेइजी सरकारने कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली, तेव्हा कितीतरी लोहार चाकू, कात्र्या, शेतीची अवजारं यांकडे वळले. गिफू प्रांतातलं सेकी हे तलवारींचं जुनं गाव आज चाकूंच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. शुन चाकू बनवणारी काई कंपनी 1908 साली तिथेच सुरू झाली.

गंजाचा प्रश्न तुम्ही विचारला ते बरं केलंत, कारण दुकानात मुलीसमोर दोन वाटा येतील. एक स्टेनलेस, दुसरी कार्बन पोलादाची. कार्बन पोलादात शिरोगामी आणि आओगामी, म्हणजे पांढरं आणि निळं, ही दोन नावं सारखी कानावर येतील. शिमाने प्रांतातल्या यासुगी इथे ही पोलादं होतात. रंग पोलादाचा नसून ते ज्या कागदात गुंडाळून येतं त्याचा. पांढरं म्हणजे जवळजवळ निव्वळ लोह आणि कार्बन. निळ्यात क्रोमियम आणि टंगस्टन घातलेलं असतं, त्यामुळे धार जास्त टिकते. पांढऱ्या पोलादाला दगडावर जी धार चढते ती अप्रतिम असते, आणि चढतेही पटकन. पण ते गंजतं. लिंबू, टोमॅटो, कैरी लागली की मिनिटांत काळं-निळं पडतं आणि पहिले काही दिवस कांद्यालाही करडा रंग येतो. तुम्ही जन्मभर लोखंडी विळी वापरलीत, ती चिरून झाल्या झाल्या पुसून ठेवायची सवय तुमच्या हाताला आहे, म्हणून खरं तर तुम्हाला ते जमेल. घरात दुसऱ्या कुणाचाही हात चाकूला लागणार असेल तर मात्र नको. नाशिकचा पावसाळाही ध्यानात घ्या. पहिला चाकू स्टेनलेसच असू दे. पुढे हौस वाढली तर आतला गाभा कार्बनचा आणि बाहेरचं वेष्टण स्टेनलेसचं असे चाकू मिळतात. त्यात फक्त धारेची बारीक पट्टी सांभाळावी लागते.

मुलगी ओसाकाला आहे हे फार छान आहे. विमानतळावरच्या दुकानात घाईने घेण्यापेक्षा तिला एक दिवस साकाईला जायला सांगा. ओसाकाच्या नांबा स्थानकातून नानकाई रेल्वेने ते अगदी जवळ आहे. तिथे हानकाई ट्रामच्या म्योकोकुजी थांब्याजवळ शहराच्या पारंपरिक हस्तकलांचं संग्रहालय आहे. चाकू बघायला, समजून घ्यायला आणि विकत घ्यायलाही ते उत्तम ठिकाण.

साकाईच्या चाकूंची गोष्ट तंबाखूपासून सुरू होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात तंबाखू नेली (जपानला जाणारी त्यांची गलबतं आपल्या गोव्याहूनच सुटत). पानं केसांसारखी बारीक चिरायला खास सुऱ्या लागू लागल्या. साकाईच्या लोहारांनी त्या इतक्या चांगल्या केल्या की एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) शोगुनांच्या, म्हणजे लष्करी शासकांच्या, राजवटीने त्यांवर खास शिक्का मारायची परवानगी आणि विक्रीची मक्तेदारी दिली. त्याच हातांतून पुढे आचाऱ्यांचे चाकू घडले.

तिथली कामाची वाटणी अजून टिकून आहे, आणि विकत घेणाऱ्याने ती समजून घ्यावी अशी आहे. एकच माणूस पूर्ण चाकू बनवत नाही. लोहार मऊ लोखंडाच्या पट्टीवर कडक पोलादाचा तुकडा ठेवतो, मधे टाकणखाराची पूड पसरतो, लालबुंद तापवून घणाखाली दोन्ही एकजीव करतो, पातं घडवतो आणि पाणी देतो, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करतो. त्याच्याकडून निघालेलं पातं काळं, जाडसर असतं आणि त्याने काहीही चिरता येत नाही. ते दुसऱ्या कारखान्यात धार काढणाऱ्याकडे जातं. मोठ्या फिरत्या दगडांवर पाणी सोडत तो पातं झिजवत नेतो, मधून मधून डोळ्यांसमोर धरून वाक तपासतो, वाक असेल तर ठोकून काढतो, पुन्हा दगडावर धरतो. वर जो पातळपणा सांगितला तो या माणसाच्या हातचा. तिसरा कारागीर मूठ बसवतो. लोहाराचं नाव दुकानदार आपणहून सांगतात. मुलीला म्हणावं, धार कोणी काढली तेही विचार. चांगल्या दुकानात हा प्रश्न ऐकून माणूस खुलतो आणि मग आतल्या कपाटातलेही चाकू दाखवतो.

साकाईत एक मोह होईल. लांब, अरुंद, एकाच बाजूने धार असलेले यानागिबा फार देखणे असतात. कच्च्या माशाचे नितळ काप करण्यासाठी ते घडवलेले असतात. आपल्या स्वयंपाकात त्यांना काम नाही. बटाटा चिरायला गेलात तर पातं एका अंगाला ओढलं जातं, आणि मागच्या खोलगट बाजूसह त्याला धार लावणं हे वेगळंच शिक्षण आहे. देबा हा जाड, एकधारी माशांचा चाकूही तुमच्यासाठी नको, मासा तुम्हाला बाजारातून साफ करून मिळतो. दोन्ही बाजूंनी धार असलेलाच घ्या. त्यात सान्तोकु हा दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी घरांमध्ये रुळलेला, भाजी, मासे, मांस तिन्हींना चालणारा आकार. रोज मेथी, पालक, कोबी असेल आणि मासे खरोखर रविवारपुरतेच असतील तर नाकिरीही बघा. चौकोनी, सरळ धारेचा हा चाकू पाटावर पूर्ण टेकतो, त्यामुळे पालेभाजीची पानं अर्धवट जोडलेली राहत नाहीत. गोल, डुलवत चिरायची सवय असणाऱ्यांना 210 मिलिमीटरचा ग्यूतो, म्हणजे लांब पात्याचा शेफ-चाकू, आवडतो, पण आपल्याकडचे ओटे आणि पाट लहान, त्यावर तो अंगावर येतो.

दुकानात चाकू बघायचा कसा, हे मुलीला फोनवर सांगून ठेवा. टोक समोर करून पाठीवरून एका डोळ्याने नजर टाकायची. पातं कुठे कललेलं नको. मग मुठीकडच्या टोकाने बघायचं. पाठीशी साधारण 2 मिलिमीटर असलेली जाडी धारेकडे येताना सतत निमुळती होत गेली पाहिजे. धारेच्या जरा वरपर्यंत जाड राहून एकदम उतरत असेल तर तो चाकू नको, मग कुणाचंही नाव त्यावर असो. पाठीच्या कडा बोटाला टोचता कामा नयेत. तासभर चिरताना तर्जनी तिथेच घासते. वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास असलं तर तुमच्या मनगटाला बरं पडेल. जपानी पद्धतीची लाकडी मूठ हलकी असते, बहुधा मॅग्नोलियाच्या लाकडाची. तिच्या पुढच्या टोकाला जे काळं कडं असतं ते पुष्कळदा म्हशीच्या शिंगाचं असतं. सासूबाईंना ते स्वयंपाकघरात चालणार नसेल तर लाकडी किंवा प्लास्टिकचं कडं असलेली मूठ मागा, सहज मिळते. तुम्ही डावखुऱ्या असाल तर तेही आधी सांगा, कारण काही मुठी उजव्या हातासाठीच घडवलेल्या असतात. क्योतोच्या निशिकी बाजारात अरित्सुगु या 1560 सालापासूनच्या पेढीचं दुकान आहे. तिथे घेतलेल्या चाकूवर नाव कोरून देतात. मुलीला तिकडे जाणं जमलं तर तुमचं नाव कोरून आणायला सांगा.

घरी आल्यावर चाकू फक्त तुमचा. मावशींच्या हाती देऊ नका, आणि हे चाकूपेक्षा मावशींसाठी म्हणते. भांड्यांच्या ढिगात, साबणाच्या फेसाखाली असलेलं हे पातं दिसत नाही, आणि बोटाला लागलं तर जखम खोल होते. चिरून झालं की लगेच स्वतः मऊ स्पंजने धुवायचा, कोरड्या फडक्याने पाठीकडून पुसायचा, आणि जागेवर ठेवायचा. तारेची घासणी, भांडी धुण्याचं यंत्र, आणि चमचे-झाऱ्यांसोबत खण, तिन्ही वर्ज्य. लाकडी म्यान मिळालं तर घ्या. पाट लाकडाचा किंवा मऊ प्लास्टिकचा. हल्ली स्टीलचे, काचेचे पाट फार खपतात. त्यांच्यावर चार दिवसांत धार जाईल. ओट्याच्या ग्रॅनाइटवर तर पातं टेकवूच नका. चिरलेलं गोळा करताना धारेने खरवडायचं नाही, चाकू उलटा करून पाठीने लोटायचं.

आणि धार. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे विळी, कात्री, जुना चाकू खुशाल द्या. हा देऊ नका. पातं घडवताना पाणी दिल्यावर ते पुन्हा हलकं तापवून त्याचा कडकपणा बेतलेला असतो. कोरड्या फिरत्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा ती बारीक धार त्या तापमानाच्या पुढे जाते, आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. मग ती धार टिकत नाही. खाचेतून चाकू ओढायची यंत्रंही नकोत, ती कडक धारेचे बारीक टवके काढतात. शेफ लोक वापरतात ती लोखंडी कांडीही याला चालत नाही.

दगड शिकायला अवघड नाही. ज्या दगडांना भिजवावं लागतं ते दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा; काहींना नुसतं वर पाणी शिंपडलं तरी पुरतं, खोक्यावर लिहिलेलं असतं. ओल्या फडक्यावर दगड ठेवला की हलत नाही. पातं दगडावर आडवं टेकवून पाठ साधारण 12 मिलिमीटर उचला. सान्तोकुच्या रुंदीला तेवढ्याने 15 अंशांचा कोन होतो. डाव्या हाताची दोन-तीन बोटं धारेच्या जवळ हलकी टेकवून चाकू पुढे-मागे न्यायचा, कोन बदलू द्यायचा नाही. दगडावर करडा गाळ जमेल, तो धुवू नका, धार तोच लावतो. थोड्या वेळाने अंगठा पाठीकडून धारेकडे आणि बाहेर असा सरकवून बघा (धारेच्या लांबीने कधीही नाही). दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत कड लागेल. ती कड टोकापासून टाचेपर्यंत सगळीकडे लागली की ही बाजू झाली. तोपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. मध्यावर कड आली की ते चाकू उलटतात, आणि टोक व टाच बोथटच राहतात. दुसरी बाजूही तशीच करा. शेवटी दोन्ही बाजूंनी अगदी हलके हात देत ती कड काढून टाका. पिकलेल्या टोमॅटोवर पातं न दाबता ठेवून मागे ओढा. साल आपोआप उघडलं पाहिजे. घरच्या वापराला दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतं. आधी काही दिवस जुन्या चाकूवर हात बसवा. 3000 किंवा 6000 नंबरचा दगड पुढच्या वर्षी बघू, आत्ता नको.

सासूबाईंसाठी: असं मानणारे लोक जपानातही आहेत. आपल्याकडे अनेक घरांत देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवून ती वस्तू विकत घेतल्यासारखी करतात. मुलीच्या हातावर रुपया सासूबाईंनाच ठेवू द्या.

राहिलं आणण्याचं. जपानात 6 सेंटिमीटरहून लांब पातं विनाकारण जवळ बाळगणं गुन्हा आहे, म्हणून दुकानातून घरी नेताना खोकं उघडायचं नाही. पर्यटकांना मिळणारी 10 टक्के कराची सवलत तिला मिळणार नाही, ती तिथे नोकरी करते; तुम्ही कधी तिच्याकडे गेलात तर तुमच्या पासपोर्टवर मिळेल. विमानात चाकू चेक-इन सामानातच जातो, हातातल्या बॅगेत असेल तर सुरक्षा तपासणीत अडेल. धारेवर पुठ्ठा गुंडाळून, खोक्यासकट कपड्यांच्या मधे ठेवायचा. दगड वजनदार आणि ठिसूळ असतो, तोही त्याच बॅगेत, पण चाकूपासून लांब. पावती खोक्यातच राहू दे; कस्टम्सवर कुणी विचारलं तर दाखवता येईल.